आजींचे डोळे चुकले नव्हते

मी मुलुंडला दवाखाना चालवतो. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातून पुष्कळ वडीलधारी मंडळी उपनगरांत मुलांकडे राहायला येतात. गेल्या महिन्यात अशाच एक आजी आल्या. लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडताना मोटारसायकलचा धक्का लागून मनगट मोडले होते. मुलगा चिडला होता. "आई बघतच नाही हो!" आजी शांतपणे म्हणाल्या, "बघितलं की. लांब होती ती."

मला आजींचेच पटले.

सरळ आपल्याकडे येणारे वाहन डोळ्याला पुढे सरकताना दिसत नाही, फक्त मोठे होत जाताना दिसते. लांब असताना ही वाढ इतकी मंद असते, की वाहन जागीच उभे वाटावे. जवळ आले की मात्र एकदम अंगावर येते. त्यामुळे आपण बहुतेक जण वेग न पाहता अंतर पाहूनच पाऊल टाकतो. गावच्या रस्त्यावर हा हिशेब चालून जातो. पण ताशी 30 किलोमीटरने येणारे वाहन सेकंदाला 8 मीटर कापते, तर 60 ने येणारे जवळजवळ 17. अंतर तेच, पण हाती वेळ निम्मा!

एखाद्या मोठ्या रस्त्याची एकच बाजू घ्या. साधारण 10 मीटर रुंदी ओलांडायला आजींना 12 सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 60 चे वाहन 200 मीटर येते. म्हणजे त्या निघतात तेव्हा ते पुढच्या बसस्टॉपच्या आसपास असते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी त्याचा वेग कसा ओळखावा?

मोटारसायकल आणखी फसवी. लहान दिसते, म्हणून उशिरा पोहोचेल असे वाटते. रात्री तर तिचा एकच दिवा. पूर्वी कानांचा आधार होता, पण विजेवरच्या बस फारसा आवाज न करता येतात. लहान मुलांचेही तेच. ताशी 32 किलोमीटरच्या पुढे वेग गेला, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाहन जवळ येत असल्याचे खात्रीने कळत नाही, असे इंग्लंडमधील रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केले.

यावर आपल्याकडचा तोडगा म्हणजे पूल. 2008 मध्ये वांद्र्याला स्कायवॉक झाला आणि पाठोपाठ उपनगरांत त्यांची रांगच लागली. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांनी ते जिने कसे चढावेत, हे कुणी विचारले नाही. माझ्या मते दवाखाने, शाळा आणि बाजार यांच्यासमोर वाहनांचा वेग 30 वर आणावा, मध्ये उभे राहण्याइतका रुंद दुभाजक द्यावा आणि सिग्नलचे सेकंद म्हाताऱ्या माणसाच्या चालीवर मोजावेत.

तोवर गावाहून येणाऱ्यांनी एवढे करावे. "लांब आहे" म्हणून निघू नये, ते वाहन जाऊ द्यावे. दुभाजकावर थांबून दुसऱ्या बाजूला नव्याने पाहावे. रात्री पांढरे वस्त्र अंगावर घ्यावे. आणि मुलांनो, आईला रागावण्यापूर्वी एकदा तिच्या चालीने तो रस्ता ओलांडून पाहा.