मोठा टॅब : नेता येतो, पण उघडता येतो का?



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपली, चहा झाला आणि आमच्या वस्तीतील एक उपासक मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही तो पाटीएवढा टॅब रोज गाडीने नेता-आणता. आमच्या पोरीला तसलाच पाहिजे. तिला रोज न्यायला झेपेल का?"

हे उपासक एका कंपनीत रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत. मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अंबरनाथहून रोज मुंबईला जाते. तिने दुकानात 13 इंची टॅब पाहून ठेवला होता. किंमत ऐकून मी गप्पच झालो. बापाच्या दोन पगारांहून जास्त! एवढा पैसा घालून आणलेली वस्तू कपाटात साड्यांखाली पडून राहिली, तर पुढच्या खेपेला शिक्षणासाठी पैसा काढताना ते घर दहा वेळा विचार करील. म्हणून मी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. "थोडे दिवस द्या, मग सांगतो," एवढेच बोललो.

माझ्याकडचा टॅब माझा नाही, हे आधी सांगून टाकतो. तो आमच्या मंडळाने वर्गणी काढून घेतला आहे. त्यामागे माझीच एक चूक आहे. दोन वर्षांपूर्वी वस्तीतील एका मुलाचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज मी मोबाईलवर भरला. रात्रीचे अकरा वाजलेले, अर्जाची मुदत संपत आलेली. जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सचा फोटो काढला आणि त्यावरून क्रमांक वाचून टाकला. 3 होता, मला 8 दिसला. अर्ज परत आला. दुरुस्ती होईपर्यंत कॉलेजने फी मागितली आणि त्या मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढून ती भरली. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, पण मधल्या महिन्यांचे व्याज त्या माउलीच्या अंगावर पडले. मला ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत मीच विषय काढला आणि 12.4 इंची टॅब आला. एका बाजूला दाखला आणि दुसऱ्या बाजूला अर्ज अशा दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी उघडता येतात. मुलगा, त्याची आई आणि मी असे तिघे एकदम बघतो. आईला वाचता येत नसले तरी "ही त्याच्या बापाची सही" म्हणून ती बोट ठेवते. मोबाईलवर हे होत नाही. तिथे एकाने बघायचे आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

आता नेण्या-आणण्याचे बोलू. ऑफिस सुटल्यावर मी परस्पर दुसऱ्या वस्त्यांत जातो, म्हणून टॅब रोज सकाळीच सोबत घ्यावा लागतो. त्या उपासकांना काही सांगण्याआधी मी तो किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. दुकानदार म्हणाला, "काय भाव लावू?" नुसता टॅब सहाशे तीस ग्रॅमच्या आसपास भरला. कीबोर्ड असलेले कव्हर चढवले तर काटा सव्वा किलोच्या जवळ गेला. चार्जर आणि वायर आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम. म्हणजे टॅबपेक्षा त्याचा बारदानाच जड! दुकानातला विक्रेता वजन सांगतो ते नुसत्या टॅबचे, हे लक्षात ठेवा.

तसे पाहिले तर या वस्तू वर्षागणिक हलक्या होत आहेत. ॲपलचा पहिला 12.9 इंची आयपॅड प्रो 2015 साली आला तेव्हा तो 713 ग्रॅमचा होता, 2024 सालचा 13 इंची 579 ग्रॅमचा आहे. सॅमसंगचा 2023 सालचा टॅब एस 9 अल्ट्रा 14.6 इंची म्हणजे जवळजवळ ताटाएवढा, तो 732 ग्रॅम. त्याच कंपनीचा साधा 11 इंची टॅब ए 9 प्लस 480 ग्रॅम. लहान-मोठ्यातला फरक शंभर ते अडीचशे ग्रॅमचा. आपण एक लिटर पाण्याची भरलेली बाटली नेतो ती किलोभर असते आणि तिची तक्रार कोणी करत नाही. तेव्हा वजनाने टॅब झेपत नाही असे म्हणणे खरे नव्हे. सॅकमध्ये तो राहतो, खांद्याला आठ दिवसांत सवय होते.

अडचण दुसरीच आहे. ती मला गाडीत कळली. कल्याणनंतर उभ्याने एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्या हाताने वाचायचे, हे मोबाईलचे काम. मोठा टॅब एका हातात धरून पाच मिनिटे होत नाहीत तोच मनगट दुखू लागते, आणि गाडीने धक्का दिला की तो शेजारच्याच्या छातीवर. एकदा एका गृहस्थाने शांतपणे विचारले, "साहेब, सगळ्यांना दाखवायचा आहे का?" बरे, बसायला मिळाले तरी चौथी सीट मिळते. चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर, तिथे कीबोर्ड उघडायला मांडी कुठून आणायची? वर्षभरात गाडीत मी किती वेळा टॅब उघडला असेल? बोटावर मोजण्याइतके, आणि तेही सुट्टीच्या दिवशी किंवा रात्रीच्या रिकाम्या गाडीत.

म्हणून मोठा टॅब 'नेता येतो का' हा प्रश्न अपुरा आहे. तो एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत नेता येतो. मधल्या वाटेवर तो ओझे असतो. ज्याच्या वाटेच्या दोन्ही टोकांना टेबल किंवा निदान भिंतीला टेकून बसायची जागा आहे त्याला तो रोजच्या वापराचा. ज्याचा अभ्यासच वाटेत होतो त्याला नाही. आणि आपल्या मुलांचा बराच अभ्यास वाटेतच होतो, घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि पाहुणे असतात.

दुसरी गोष्ट इंचांची. पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत घेतात. त्यामुळे आकडा सारखा दिसला तरी रुंदी वेगळी असते. आमचा 12.4 इंची टॅब लांबोळका, पडदा सुमारे 267 मिलिमीटर लांब आणि 167 रुंद. 13 इंची आयपॅड चौकोनाकडे झुकणारा, सुमारे 264 लांब आणि 198 रुंद. लांबी जवळजवळ तीच, रुंदीत तीन सेंटिमीटरचा फरक! 11 इंची लांबोळक्या टॅबचा पडदा सुमारे 237 लांब आणि 148 रुंद.

हे आकडे कोरडे वाटतील, पण यातच उत्तर आहे. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. शासन निर्णय, प्रश्नपत्रिका, कोर्टाचे निकाल, बहुतेक अर्ज याच कागदाचे. तो पूर्ण कागद 13 इंची आयपॅडवर मूळ आकाराच्या 89 टक्के दिसतो, आमच्या टॅबवर 80 टक्के, 11 इंचीवर 70 टक्के आणि साध्या मोबाईलवर 33 टक्क्यांच्या आसपास. आता 70 टक्के म्हणजे किती? परीक्षेच्या वेळी पैसे वाचवायला आपली मुले दोन पाने एका पानावर झेरॉक्स काढतात ना, तेवढे. ते अक्षर तरुण डोळ्यांना सहज वाचता येते. माझ्या चाळिशीतल्या डोळ्यांना चष्मा लागतो. शिवाय डेमी आकाराचे पुस्तक, म्हणजे आपल्याकडची बरीचशी मराठी पुस्तके असतात ते, साडेपाच बाय साडेआठ इंचांचे. ते पान 11 इंची पडद्यावर जसेच्या तसे मावते. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड महाराष्ट्र शासनाने 1979 सालापासून काढले. त्यांच्या पीडीएफ सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. घरात खंडांसाठी कपाट नसले तरी ते सगळे एका टॅबमध्ये राहतात, ही काही लहान गोष्ट नाही.

मात्र सगळे एकातच ठेवू नका. 1917 साली बाबासाहेब लंडनहून मायदेशी निघाले तेव्हा त्यांचे ग्रंथांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते, ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. आपल्या टॅबला टॉर्पेडोची गरज नाही, गर्दीतली एक चेन कापली तरी पुरे. नोट्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी असलीच पाहिजे. आणि मोठा टॅब जितका रुंद आणि पातळ, तितका गर्दीत मधोमध दाबला जाण्याचा धोका जास्त. मी तो जाड पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घालून सॅकमध्ये पाठीकडच्या बाजूला ठेवतो, सॅक पोटावर घेतो. पडदा फुटला तर बदलायचा खर्च ऐकून माणूस फुटका पडदाच गोड मानून घेतो. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी वेगळी.

तर त्या मुलीचे काय केले ते सांगतो. घरात खोक्याचा जाड पुठ्ठा होता. त्याचे दोन तुकडे कापले, एक 13 इंची टॅबच्या बाहेरच्या मापाचा, दुसरा 11 इंचीच्या. पहिल्याला तांदळाची पुरचुंडी चिकटपट्टीने बांधून कव्हरसकट वजन केले, दुसऱ्यालाही त्याच्या हिशेबाने. तिला म्हटले, "एक आठवडा मोठा ने, एक आठवडा लहान. ज्या ज्या वेळी टॅब उघडावासा वाटेल, तेव्हा हा पुठ्ठा बाहेर काढायचा आणि वहीत लिहून ठेवायचे." ती आधी हसली. तिची आई तर म्हणाली, "भाऊ, पोरीला वेडी ठरवतील गाडीतल्या बायका."

पण तिने नेला, आणि वही प्रामाणिकपणे लिहिली. मोठा पुठ्ठा तिच्या नेहमीच्या पर्समध्ये मावेना, सॅक घ्यावी लागली. जाताना सहापैकी दोनच दिवस बसायला मिळाले. कॉलेजात बाक आहेत, तिथे दोन्ही चालले. घरी जमिनीवर बसून मांडीवर मोठा जास्त बरा वाटला, पण रात्री आडवे पडून वाचताना तो छातीवर पेलेना. लहान पुठ्ठा तिने दरवाज्याजवळच्या पत्र्याला पाठ लावून उभ्यानेही दोनदा काढला. एका बाईने "हे काय गं?" विचारल्यावर सगळी हकीगत सांगितली, तेव्हा त्या बाईने स्वतःच्या मुलासाठी पुठ्ठ्याची मापे लिहून घेतली.

मी तिला कोर्टाचे दोन-तीन निकाल आमच्या टॅबवर बारीक करून, 70 टक्के करून दाखवले. निकालाचे टाइप साधारण 14 पॉइंटचे असते, ते 10 पॉइंटचे झाले, म्हणजे पुस्तकाएवढेच. तिने सरळ वाचून दाखवले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "दादा, ती आता स्वतःच सांगेल."

तिने 11 इंची घेतला, कीबोर्डशिवाय, साध्या कव्हरचा. टायपिंगचे काम कॉलेजच्या संगणकावर होते म्हणाली. उरलेल्या पैशांतून घडीचे टेबल आणि बल्ब घेतला, तो आता खोलीच्या एका कोपऱ्यात लागतो. बाकीचे पैसे वडिलांनी पुढच्या सत्राच्या फीसाठी पोस्टात ठेवले.

मंडळाचा मोठा टॅब मी अजून वाहतोच आहे. अर्ज भरायला तोच लागतो. रविवारी ती मुलगी विहारात येते, माझ्या शेजारी बसते आणि दाखल्यावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचते. गेल्या खेपेला मध्येच थांबून म्हणाली, "काका, परत बघा. हा तीन आहे."