वाद निविदेचा, उपेक्षा रुग्णाची

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांना बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ खासगी संस्थांची यादी निश्चित केली. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा चार गटांत ही माणसे पुरवली जाणार होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण रस्त्यावर उतरले, विरोधकांनी टीकेची झोड उठवली आणि २० ऑक्टोबर रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा निर्णय रद्द होत असल्याचे जाहीर केले. कंत्राटी भरतीचे खापर आधीच्या सरकारांवर फोडण्यासही ते विसरले नाहीत.

या निर्णयाच्या आणि माघारीच्या मधल्या काळात नांदेडमध्ये जे घडले ते अधिक गंभीर होते. तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली आणि रिक्त पदांपासून आरोग्यावरील तरतुदीपर्यंतचा हिशेब सरकारकडे मागितला. कंत्राट कोणाला मिळावे, यावर राजकीय पक्ष तावातावाने भांडत असताना खाटेशेजारी प्रशिक्षित माणूस आहे की नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयाला विचारावा लागला. सार्वजनिक आरोग्यसेवेतील कंत्राटांच्या वादांचे खरे दुखणे येथेच आहे.

हे वाद वारंवार का उद्भवतात, हे समजून घ्यायचे तर अशा निविदांचे गणित पाहावे लागते. परिचारिका, तंत्रज्ञ किंवा कक्षसेवक पुरवायचा तर त्याच्या वेतनाची किमान मर्यादा ठरलेली असते. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांचा हिस्साही कायद्याने ठरलेला असतो. ठेकेदारांना स्पर्धा करण्यासाठी उरते ते केवळ स्वतःचे सेवाशुल्क. सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम, या नियमामुळे हे शुल्क घसरत शून्यापर्यंत आले. अखेर शून्य शुल्काची निविदा विचारातच घेऊ नये, असा आदेश केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाला जानेवारी २०१४ मध्ये काढावा लागला. त्यावर शून्याऐवजी नाममात्र आकडा टाकण्याची पळवाट निघाली. म्हणून २०२३ मध्ये किमान शुल्क निविदेतच ठरवून देण्याची मुभा देण्यात आली. परिणामी अनेकांचे दर त्या किमान आकड्यावर येऊन थांबू लागले.

दरावर निवाडा होत नसेल तर तो अटींवर होणार, हे उघड आहे. वार्षिक उलाढाल किती असावी, पूर्वानुभव कोणत्या कामाचा ग्राह्य धरावा, एकाच संस्थेला किती जिल्हे द्यावेत, हे कागदावरचे तपशील कोट्यवधींच्या कामाचा धनी ठरवतात. साहजिकच अटी कोणाच्या मापाने बेतल्या, याची चर्चा निविदा उघडण्यापूर्वीच सुरू होते. पराभूत संस्था न्यायालयात जाते. मात्र ‘टाटा सेल्युलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे की, न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासते; निर्णयावरचे अपील ऐकत नाही. त्यामुळे निकाल लागला तरी अटी शहाणपणाच्या होत्या का, याचे उत्तर मिळतेच असे नाही. खटला चालेपर्यंत जुन्या ठेकेदाराला मुदतवाढ देण्याचा सोपा मार्ग प्रशासनापुढे असतोच.

जेथे अधिकृत नफा नगण्य, तेथे ठेकेदार एवढ्या हिरिरीने का उतरतात? हा प्रश्न सामान्य करदात्याने विचारलाच पाहिजे. वेतनातून बेकायदा कपात, निधीचा हिस्सा न भरणे आणि हजेरीपटावर प्रत्यक्षाहून अधिक माणसे दाखवणे, या तीन वाटा सर्वज्ञात आहेत. मुंबईतील कोविड केंद्रांना वैद्यकीय कर्मचारी पुरवण्याच्या कंत्राटाबाबत सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये जी कारवाई केली, तीत नेमका हाच आक्षेप होता : कर्मचारी कमी आणि देयके पूर्ण. तो आरोप होता, न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे. तथापि प्रत्येक खाटेमागे किती माणसे हजर होती, याची नोंद त्याच वेळी जनतेला खुली असती, तर वाद इतका लांबला नसता.

सरकारची अडचणही समजून घ्यावी लागेल. कायम भरतीची गाडी रुळावर राहत नाही. ऑक्टोबर २०२१ मधील आरोग्य विभागाची भरती परीक्षा खासगी कंपनीकडे सोपवली गेली आणि पेपरफुटीने ती बुडाली. पुन्हा सुमारे ११ हजार पदांची जाहिरात निघण्यास २०२३ साल उजाडले. दरम्यान रुग्ण थांबत नाहीत. दुर्गम तालुक्यात डॉक्टर सहजी मिळत नाहीत. तातडीच्या गरजेसाठी कंत्राटी नेमणूक समर्थनीय ठरू शकते. परंतु तात्पुरत्या म्हणून भरलेल्या जागा वर्षानुवर्षे तशाच चालतात, तेव्हा तातडीचे कारण लटके पडते. कंत्राटी कर्मचाऱ्याला केवळ प्रदीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असा ‘उमादेवी’ खटल्याचा २००६ मधील निकाल आहे. त्याच निकालाची ढाल करून कायमस्वरूपी कामे तात्पुरत्या नावाखाली करून घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो’ खटल्यात बजावले आहे.

इतर राज्यांनी वेगळे मार्ग चोखाळले आहेत. तामिळनाडूने २०१२ मध्ये केवळ वैद्यकीय सेवेसाठी स्वतंत्र भरती मंडळ स्थापले. हरियाणाने २०२१ मध्ये खासगी ठेकेदारांना बाजूला सारण्यासाठी सरकारी निगम काढले आणि उत्तर प्रदेशने २०२५ मध्ये तसाच निर्णय घेतला. निगमामुळे मध्यस्थ हटतो, पण नोकरी कंत्राटीच राहते, हेही विसरता येणार नाही. कायम पदे नियमित भरण्याची यंत्रणा हाच मुख्य उपाय आहे.

ती उभी राहीपर्यंत कंत्राटे निघणारच असतील, तर त्यांच्या अटी रुग्णाच्या बाजूने बेतता येतील. देयक हजेरीपटावर न देता प्रत्येक कक्षातील पडताळलेल्या उपस्थितीवर द्यावे. कोणत्या पाळीत किती परिचारिका आहेत, हे रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लिहावे. वेतन आणि निधीचा भरणा कर्मचाऱ्याच्या खात्यात झाल्याशिवाय ठेकेदाराचे शुल्क सोडू नये. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. निविदेत चार ओळी वाढवल्या तरी पुरे. मात्र त्या ओळी लिहिल्या की कंत्राटातील अनेकांचा रस ओसरेल, आणि कदाचित त्या आजवर लिहिल्या न जाण्याचे कारणही तेच असावे. नांदेडच्या त्या चोवीस तासांनंतर तरी निविदेच्या मसुद्यात पहिला विचार ठेकेदाराच्या उलाढालीचा न होता पाळीवरील माणसांचा व्हायला हवा होता. तो अजूनही करता येईल.