शवर्मा घरी करा, ओव्हनमध्ये

मुलं शवर्मा खाणारच, हे आधी मान्य करूया. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याच्या स्टँडबाहेर जिथं अंडाबुर्जीची गाडी असायची तिथं आज उभा गज फिरतोय, आणि कॉलेज सुटलं की पोरं तिथंच सापडतात. माझ्या भाच्याला ‘बाहेरचं खाऊ नकोस’ सांगणारी घरात पाच माणसं आहेत. तो सगळ्यांचं मान खाली घालून ऐकतो आणि संध्याकाळी गाडीवर जातो. म्हणून माझं मत सरळ आहे. सांगत बसू नका, करून घाला. टेबलावर ठेवायच्या साध्या ओव्हनमध्ये चिकन शवर्मा उत्तम होतो, आणि गाडीवरच्या गजाची जी दुखरी जागा आहे ती ओव्हनमध्ये राहतच नाही.

सध्या पोस्टिंग कन्नूरला. आपल्यातले जे पेन्शननंतर डीएससीत पुन्हा भरती झाले त्यांना हे गाव सांगायला नको, त्यांचं सेंटर इथंच आहे. कामाबद्दल मी इथं लिहीत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. जेवणाबद्दल लिहायला कुणाची ना नाही. मलबारचा हा किनारा म्हणजे आखाताचं अंगण. ज्याला भेटाल त्याचा भाऊ, मेव्हणा नाहीतर मुलगा दुबईला किंवा दोह्याला. तिकडून पैसा आला तशी जिभेची सवयही आली. कुळीमंदी, अलफहम, खुबूस आणि शवर्मा हे पदार्थ आता इथल्या माणसाला परके वाटत नाहीत. चव विचाराल तर एक नंबर. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण याच रस्त्यानं उत्तरेला पय्यन्नूर ओलांडलं की चेरुवत्तूर लागतं, कासरगोड जिल्ह्यात. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या एका दुकानातला शवर्मा खाऊन १६ वर्षांची विद्यार्थिनी दगावली आणि कितीतरी मुलं दवाखान्यात भरती झाली. तपासात शिगेला नावाचा जिवाणू निघाला. सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूत नामक्कलला १४ वर्षांची मुलगी गेली. मे २०२४ मध्ये आपल्या मुंबईत, ट्रॉम्बेला, १९ वर्षांचा तरुण गेला. ही वयं परत एकदा वाचा. रिक्रूट म्हणून सेंटरला येणारी पोरं याच वयाच्या आसपासची असतात.

सरकारांनी काही केलं नाही असं नाही. केरळनं जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली. तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये एकेक वर्षासाठी तसंच केलं. केरळात पार्सलवर तयार केल्याची तारीख आणि वेळ लिहिणं सक्तीचं झालं. नियम चांगलेच आहेत. पण प्रत्येक गाडीपाशी ते पाळले जातात का हे बघायला ड्युटी ऑफिसर उभा नसतो.

लंगरमध्ये वाढलेल्यांना हा मुद्दा लगेच कळेल. शेकडो माणसांचं जेवण रोज शिजतं, कधी उघड्यावर, कधी बर्फात, तरी एकाच वेळी अख्खी कंपनी आजारी पडत नाही. त्यामागे कसली जादू नाही. कुकची वेळोवेळी डॉक्टरी तपासणी होते, नखं बघितली जातात, मांस तपासून येतं, आणि जवानांच्या ताटात पडायच्या आधी जबाबदार माणूस ते चाखतो. आमचे एक सुभेदार साहेब कुकला म्हणायचे, “पहिला घास मी खाणार, तेव्हा तू ठरव कसं शिजवायचं ते.” घरातही पहिला घास करणाराच खातो. गाडीवाल्यानं स्वतःचा शवर्मा खाताना मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता गजाचं गणित बघा. उभ्या गजावर मांसाचे थर रचलेले असतात आणि आच फक्त बाहेरून लागते. बाहेरचा थर भाजला की तो सोलायचा, मग आतला थर आचेसमोर येतो, वरची चरबी वितळून खाली ओघळते, मांस कोरडं पडत नाही. शोध म्हणून झकास आहे. ऑटोमन मुलखातला हा प्रकार, नावसुद्धा तुर्की भाषेतल्या ‘फिरवणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय. पण तो चालतो एकाच अटीवर: आच अखंड हवी आणि सोलणाऱ्यानं घाई करता कामा नये. आपल्याकडे गिऱ्हाईक नसलं की गॅस बारीक होतो. आतलं मांस ना थंड, ना गरम, असं तासन्‌तास राहतं. ५ ते ६० अंशांच्या मधली ही जागा जिवाणूंना फार मानवते. मग सात वाजता एकदम गर्दी होते, सुरी खोल जाते आणि अर्धं कच्चं मांस खालच्या तव्यात पडतं. रात्री उरलेला गोळा सकाळी परत पेटवला तर विचारूच नका.

ओव्हनमध्ये चारी बाजूंनी उष्णता लागते आणि तुकडे एका थरात पसरलेले असतात. झालं की नाही हे नजरेवर सोडायची गरज नाही. सळईसारखा टोचायचा थर्मामीटर मिळतो, तो सर्वांत जाड तुकड्याच्या पोटात खुपसायचा आणि ७४ अंश दिसले की चिकन शिजलं. घरात ओव्हन घेताना लोक कंपनी, रंग, काच बघतात आणि ही छोटी वस्तू घ्यायची विसरतात. माझ्या मते ओव्हनपेक्षा तीच महत्त्वाची.

कृती अवघड नाही. एक किलो तंगडीचं बोनलेस घ्या. छातीचं घेऊ नका, ते ओव्हनमध्ये लाकूड होतं. मोठे, सपाट तुकडे ठेवा, टिक्क्यासारखे चौकोनी करू नका. कच्चं चिकन नळाखाली धूत बसू नका, शिंतोडे ओट्याभर उडतात आणि शेजारच्या कोथिंबिरीवर बसतात. चार चमचे घट्ट दही, एका लिंबाचा रस, आठ-दहा लसूण पाकळ्या वाटून, दोन छोटे चमचे मीठ. जिरे आणि धणे पूड दीड-दीड छोटा चमचा, काश्मिरी मिरची एक मोठा, मिरपूड, हळद चिमूटभर, दालचिनी आणि वेलची अगदी थोडी. इथं हात आवरा. गरम मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घातलात तर चिकन चांगलंच होईल, पण त्याला शवर्मा म्हणू नका. आणि तेल चार मोठे चमचे. हे तेल कमी करू नका, कारण आपल्याकडे चिकन बिनकातडीचं मिळतं आणि गजावर जे काम वरची चरबी करते ते इथं तेलाला करायचंय. सगळं चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही.

ओव्हन २२० अंशांवर पंधरा मिनिटं रिकामा तापवा. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी तो मोठ्या, १५ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, मोबाईलच्या एक्स्टेन्शनला नाही. खाली ट्रे, वर जाळी, जाळीवर तुकडे सुटे सुटे. दाटीवाटी केलीत तर पाणी सुटतं आणि चिकन भाजायच्या ऐवजी उकडतं. घरचा शवर्मा फसतो तो बहुतेक इथंच. पंचवीस ते तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. शेवटची चार-पाच मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवा आणि समोरून हलू नका. कडा काळपट तपकिरी झाल्या पाहिजेत, शवर्म्याची अर्धी चव त्या कडांत आहे. बाहेर काढून पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या, मग धारदार सुरीनं आडवे पातळ काप करा आणि ट्रेमध्ये साचलेल्या रसात घोळवा.

इंटरनेटवर एक युक्ती फिरते: अर्धा कांदा तळाला ठेवून त्यात सळया उभ्या खोचायच्या आणि मांसाचा मनोरा रचून तो ओव्हनमध्ये घालायचा. फोटो छान येतो. पण ज्या जाडीमुळे गजावर घोटाळा होतो तीच जाडी आपण घरात का आणायची? ज्यांना हौस आहे त्यांनी करावं, थर्मामीटर मनोऱ्याच्या मधोमध घालून. मी करत नाही.

हे सगळं ऐकून एक जण हमखास म्हणतो, गज नाही तर शवर्मा कसला, हा तर चिकन रोल. त्यात तथ्य आहेच थोडं. गजावरून ताजा सोललेला पहिला काप आणि वरून सतत ओघळणारी चरबी, हे ओव्हनमध्ये मिळत नाही. बाकीचं मिळतं. आणि ज्या मेयोनीजला लोक शवर्म्याचा आत्मा समजतात, ते मुळात त्यात नाहीच. १९९८ पासून आपल्या पलटणी राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनला जात आल्या आहेत. तिथं राहून आलेल्या एका साहेबांना मी कन्नूरचा शवर्मा खिलवला. चांगला आहे म्हणाले, पण हे पांढरं काय घातलंय? लेबनॉनमध्ये चिकन शवर्म्यात ‘तूम’ असतं. तूम म्हणजे अरबीत लसूण. लसूण, मीठ, लिंबू आणि तेल घोटून केलेली पांढरीशुभ्र चटणी. पारंपरिक तूममध्ये अंडं नसतं. म्हणजे ज्या कच्च्या अंड्यासाठी तीन-तीन राज्यांना बंदी घालावी लागली, त्याची या पदार्थाला कधी गरजच नव्हती.

तूम घरी होतं, पण मन लावून करावं लागतं. वीसेक पाकळ्या, मधला हिरवा कोंब काढून, पाऊण छोटा चमचा मिठाबरोबर मिक्सरच्या लहान भांड्यात एकदम बारीक करा. मग २०० मिली सूर्यफूल तेल बारीक धारेनं, आणि अधूनमधून थोडं थोडं करून दोन मोठे चमचे लिंबाचा रस. तेल फ्रीजमधून काढलेलं घ्या, नाहीतर भांडं तापून चटणी फुटते. ती फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, कारण तेलातला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं. एवढी खटपट नको असेल तर आपला चक्का आहे. श्रीखंडासाठी दही टांगतो तसं टांगायचं, साखरेच्या जागी लसूण-मीठ-लिंबू. लेबनॉनचा माणूस कदाचित नाक मुरडेल, पण आमच्या क्वार्टरमधल्या पोरांनी बोटं चाटली.

आंबट काहीतरी लागतंच. काकडी, गाजर आणि बिटाच्या काड्या अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी आणि मिठात दोन तास बुडवून ठेवा. रोटीसाठी खुबूस मिळाला तर उत्तम, नाहीतर मैद्याची नाहीतर गव्हाची मऊ पोळी चालते. भाकरीत गुंडाळायच्या फंदात पडू नका, मोडते.

दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा. आपला तांबडा-पांढरा रस्सा असताना हे अरबी कशाला? रश्श्यावर माझंही प्रेम आहे. पण आपल्या जेवणातला बटाटा आणि मिरची तरी कुठे सह्याद्रीत उगवली होती? पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. माणसं फिरतात तसं जेवण फिरतं, आणि आपण फौजी लोकांनी तरी यावर तोंड वेंगाडू नये. तामिळ जवानाकडून रस्सम शिकलो, गढवाली जवानाकडून भांगजिऱ्याची चटणी. तिथं कुणाला संस्कृती बुडाल्यासारखं वाटलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: घरचं आहे म्हणून आपोआप सुरक्षित होत नाही. शिगेला कोंबडीतून येत नाही. तो माणसाच्या न धुतलेल्या हातांतून आणि घाण पाण्यातून येतो, आणि हात घरीही असतात. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट वेगळा. भाजलेलं चिकन पुन्हा मॅरिनेशनच्या भांड्यात टाकायचं नाही. कोबी कापण्याआधी साबणानं हात, वीस सेकंद. बायको वीस वर्षं एकटीनं घर चालवत होती तेव्हा हे सगळं तिनं न सांगता केलंय. पेन्शनवर आलेल्या साहेबांनी आता एखादा रविवार ओट्याचा चार्ज घ्यायला हरकत नाही. लंगरची तपासणी केलेल्या माणसाला घरच्या ओट्याची कसली भीती?

एक किलोत सात-आठ रोल होतात. उरलं तर चिकन वेगळं, चटणी वेगळी, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. सकाळी पोरगं डब्यात शवर्मा मागेल. देऊ नका, दुपारपर्यंत तो दप्तरात कोमट पडून राहतो. डब्याला मटकीची उसळ आहे.