लाडू आणि समोसा

मुलांच्या मालिकांत आज केवढे वैविध्य आहे, असे आम्हांस वारंवार ऐकविले जाते. कसले वैविध्य? २००८ पासून छोटा भीम लाडू खाऊन बलवान होतो, २०१२ पासून मोटू समोसा खाऊन. भेद काय तो गोड-तिखटाचा! १९८५ च्या सुमारास बहुतेक घरी दूरदर्शनची एकच वाहिनी दिसे; पण त्याच दशकात तिने वेताळाची कोडी दाखविली, ‘भारत एक खोज’ दाखविली, आणि शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’मधील स्वामीही. हा स्वामी कोणालाच लोळवीत नाही. परीक्षेला भितो, वडिलांना भितो, मित्रांनी अबोला धरला की कासावीस होतो. भिणाऱ्या मुलास लाभलेला हा सोबती हद्दपार कोणी केला? स्वामी पाहताना आजोबाही शेजारी बसत. समोशाचा पराक्रम सुरू होताच ते उठून जातात. आम्हीही त्यांस अडवीत नाही.