विश्लेषण : टीव्हीवरच्या ‘मुंग्या’ गेल्या आणि टीव्हीच आपल्याकडे बघू लागला!

केबल निघाली किंवा अँटेना हलला की टीव्हीवर ‘मुंग्या’ यायच्या, आठवतं? खर्र आवाज आणि पडदाभर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. आजच्या शाळकरी मुलांनी हे दृश्य बहुधा पाहिलेलंच नाही. आता सिग्नल गेला की निळा किंवा काळा पडदा येतो आणि त्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी.

गेल्या काही दशकांत टीव्ही कृष्णधवलचा रंगीत झाला, जाडजूड डब्याचा भिंतीवरचा पातळ पडदा झाला आणि आता ‘स्मार्ट’ही झाला. पण चित्र सुधारलं तसं आपलं कुतूहलही वाढलं का? माझ्या मते याचं उत्तर चित्राच्या दर्जात नाही. पडद्यावर कोणाच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं, यात आहे. त्यासाठी आधी त्या मुंग्यांची गोष्ट समजून घेऊ.

‘मुंग्या’ म्हणजे नेमकं काय?

जुना अ‍ॅनालॉग टीव्ही तसा भाबडा होता. अँटेनातून जे येईल ते मोठं करायचं आणि पडद्यावर दाखवायचं, एवढंच त्याला माहीत. चॅनल नसलेल्या जागी तो ट्यून केला, तर हवेतल्या रेडिओ लहरींचा गोंगाट तो दाखवायचा. त्यात शेजारच्या मिक्सरचा, गाडीच्या इंजिनाचा, आकाशातल्या विजेचा, सूर्याचा वाटा असायचा. टीव्हीच्या आतल्या सर्किटचा स्वतःचा गोंगाटही असायचा.

आणि साधारण एक टक्का वाटा असायचा तो थेट विश्वाच्या बालपणाचा! महास्फोटानंतर उरलेलं प्रारण आजही सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतं आहे. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं मानलं जातं. हे प्रारण निघालं तेव्हा ते जेमतेम 3 लाख 80 हजार वर्षांचं होतं. म्हणजे घरोघरी लोक टीव्हीच्या डोक्यावर चापट मारून ज्या मुंग्या घालवत होते, त्यातल्या काही विश्वातल्या सर्वात जुन्या प्रकाशाच्या होत्या.

हे कळलं कसं? 1964 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या मोठ्या अँटेनावर काम करत होते. त्यात एक खरखर येत होती आणि ती काही केल्या जाईना. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो वा रात्र, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं, ती हटवली, त्यांची घाण साफ केली. तरीही खरखर कायम. तीच महास्फोटाची खूण निघाली आणि 1978 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

नकोशी खरखर सगळ्यांच्याच वाट्याला येत होती. ‘ही का येते?’ हा प्रश्न या दोघांनी सोडला नाही.

मग मुंग्या गेल्या कुठे?

लहरी कुठेच गेलेल्या नाहीत. बदलला तो टीव्ही. मुंबईत 2012 च्या अखेरीस केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर केबल डिजिटल झाली. डिजिटल सिग्नल म्हणजे शून्य आणि एक यांची रांग. वाटेत गोंगाटामुळे काही आकडे बिघडले, तर बॉक्समधली यंत्रणा ते दुरुस्त करते. बिघाड हाताबाहेर गेला की आधी चित्राचे चौकोन होतात आणि मग चित्रच जातं. जोरदार पावसात डीटीएचचं असंच होतं.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे आणि मुंग्यांच्या आठवणीने गळा काढण्याचं काही कारण नाही. पण या बदलात एक तत्त्व शिरलं. जे मागवलं नाही, ते पडद्यावर येऊ द्यायचं नाही. सिग्नलच्या बाबतीत ते योग्यच आहे. हेच तत्त्व पुढे कार्यक्रमांनाही लागू झालं, तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

चित्र धूसर असेल तर कुतूहल कमी होतं का?

अजिबात नाही. 26 जानेवारी 1926 रोजी लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड यांनी टीव्हीचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा पडद्यावर जेमतेम ओळखता येणारा चेहरा होता. तरीही तो बघायला शास्त्रज्ञ जिन्यात रांगा लावून उभे होते.

20 जुलै 1969 ला नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, तेव्हा तिथल्या कॅमेऱ्यातून सेकंदाला फक्त 10 चित्रं येत होती. ती नेहमीच्या टीव्हीवर चालत नसल्यामुळे पृथ्वीवर एका मॉनिटरसमोर दुसरा कॅमेरा लावून ती पुन्हा टिपावी लागली. साहजिकच चित्र आणखी धूसर झालं. तरी ‘नासा’च्या अंदाजानुसार जगभरात 65 कोटी लोकांनी ते पाहिलं. महाराष्ट्रात तेव्हा टीव्हीच नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते 2 ऑक्टोबर 1972 ला. आपल्याकडच्या लोकांनी चांद्रविजय रेडिओवर ऐकला आणि वर्तमानपत्रात वाचला.

आज 4के टीव्हीच्या पडद्यावर सुमारे 83 लाख ठिपके असतात. त्यावर आपण बऱ्याचदा काय बघतो? परवा पाहिलेल्या मालिकेसारखीच दुसरी मालिका.

एकच दूरदर्शन, दोन ग्रहणं

तंत्रज्ञानापेक्षा ते वापरणाऱ्याची नियत मोठी असते, याचं आपल्याच देशातलं उदाहरण पाहा.

16 फेब्रुवारी 1980 ला भारतात खग्रास सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कर्नाटकातल्या अंकोला, रायचूर भागातून जात होता, मुंबईत ते खंडग्रास दिसणार होतं. दूरदर्शनने त्या दिवशी काय केलं? लोक घराबाहेर पडू नयेत म्हणून हिंदी सिनेमा लावला. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघितलं तर इजा होते, ही काळजी खरीच होती. पण ग्रहण सुरक्षितपणे कसं बघावं, हे सांगण्याऐवजी सोपा उपाय निवडला गेला. खिडक्या बंद झाल्या, रस्ते ओस पडले.

15 वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1995 ला, ऐन दिवाळीत पुन्हा खग्रास ग्रहण आलं. या वेळी दूरदर्शनने ते थेट दाखवलं आणि प्रा. यशपाल यांनी समोर काय घडतंय ते समजावून सांगितलं. ‘टर्निंग पॉइंट’मुळे ते घराघरांत ओळखीचे झालेलेच होते. त्याच दशकात जयंत नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ ही मालिकाही दूरदर्शनवर आली.

मधल्या काळात टीव्ही रंगीत झाला होता, पण काचेची पिक्चर ट्यूब तीच, छतावरचे अँटेनेही तेच. एकदा टीव्हीने लोकांना आकाशापासून दूर ठेवलं आणि एकदा आकाश घरात आणलं. फरक पडला तो आत बसून निर्णय घेणाऱ्यांमुळे.

आज हा निर्णय कोण घेतं?

आज तो बऱ्याच अंशी अल्गोरिदम घेतो. त्याचं काम ढोबळमानाने असं चालतं : तुम्ही काय बघितलं, कुठे थांबलात, कुठे कंटाळून पुढे गेलात, याची नोंद होते. तुमच्यासारख्याच नोंदी असलेल्या हजारो लोकांनी आणखी काय बघितलं, ते शोधलं जातं आणि तेच तुमच्यासमोर मांडलं जातं. नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात म्हटलं होतं, की त्यांच्याकडे बघितल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे 80 टक्के तास शिफारशींमुळे बघितले जातात. उरलेले साधारण 20 टक्के प्रेक्षक स्वतः शोधून बघतात.

दुसरी बाजूही आहे आणि ती मजबूत आहे. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब चॅनलवर एकाच वेळी 80 लाखांहून अधिक लोक होते. गावातल्या शाळेत शिकणारी मुलगीही आज खोल समुद्रातला मासा किंवा मंगळावरची माती फोनवर बघू शकते. दूरदर्शनच्या एकाच चॅनलच्या जमान्यात हे शक्य नव्हतं. ‘पूर्वीचं सगळं चांगलं होतं’ असं म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरेल.

अडचण वेगळी आहे. शोधायला आधी प्रश्न पडावा लागतो. ज्याचं नावच ऐकलेलं नाही, ते सर्चमध्ये टाइप कसं करणार? बातम्यांची वाट बघताना चुकून ग्रहांवरचा कार्यक्रम लागायचा आणि डोक्यात किडा वळवळायचा. आवडीनुसार आखलेल्या पडद्यावर असा ‘चुकून’ फारसा येत नाही.

टीव्ही आपल्याकडे बघतो म्हणजे काय?

इथे कॅमेऱ्याचा संबंध नाही. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ म्हणजे एसीआर नावाची यंत्रणा असते. पडद्यावर जे दिसतंय त्याचे छोटे नमुने ती घेते आणि त्यांचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक ठसा बनवते. हा ठसा सर्व्हरवरच्या साठ्याशी जुळवला की तुम्ही काय बघताय ते कळतं. ही माहिती जाहिरातींसाठी वापरली जाते.

हा नुसता संशय नाही. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सुमारे 1 कोटी 10 लाख टीव्हींमधून प्रेक्षकांची सेकंदासेकंदाची माहिती त्यांच्या संमतीशिवाय गोळा केल्याचा आरोप झाला. 2017 मध्ये कंपनीने 22 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. 2024 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि स्पेनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. लॅपटॉप किंवा गेमिंग कन्सोल एचडीएमआय केबलने जोडून टीव्हीचा नुसता पडदा म्हणून वापर केला, तरी एसीआर चालू राहत असल्याचं त्यांना आढळलं. सेटिंगमधून ते बंद केल्यावर मात्र ही माहिती जाणं थांबलं. ही तपासणी ब्रिटन आणि अमेरिकेतली होती. देशागणिक आणि मॉडेलगणिक फरक पडतो, म्हणून आपला टीव्ही आपणच तपासायला हवा.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असं हा कायदा सांगतो. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही मिळण्याची सोय त्यात आहे.

प्रत्यक्षात काय होतं? टीव्ही बसवायला आलेला टेक्निशियन रिमोट हातात घेतो आणि येईल त्या प्रत्येक पानावर ‘अ‍ॅग्री’ दाबत सुटतो. त्याला पुढच्या घरी जायचं असतं आणि आपल्याला चित्र बघायची घाई असते. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांची संमती अशी दोन मिनिटांत, त्यांना न विचारता दिली जाते. कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. पण हॉलमधल्या टीव्हीसमोर या क्षणी मूल बसलंय की मोठा माणूस, हे टीव्हीला कसं कळणार? म्हणूनच एसीआर मुळात बंद असावं आणि ज्याला हवं त्याने चालू करावं, असा नियम हवा.

तोवर आपण काय करायचं?

• टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी किंवा टर्म्सचा विभाग उघडा. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’, काही सोनी मॉडेल्समध्ये ‘सांबा’ अशी नावं दिसतील. ते बंद करा. जुळणारं नाव नसेल तर जाहिरात आणि व्ह्यूइंग डेटा यांचे पर्याय तपासा.

• मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि वॉच हिस्टरी अधूनमधून पुसा.

• आठवड्यातून एकदा तरी शिफारशीत नसलेलं काहीतरी शोधा. मुलाने विचारलेला आणि तुम्हाला उत्तर न आलेला प्रश्न, हा सर्चमध्ये टाकायला सगळ्यात चांगला शब्द.

• अंतराळ मोहिमा आणि ग्रहणं अनेकदा मोफत, थेट दाखवली जातात. त्यांच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पहिली तारीख इथेच घ्या : सोमवार, 2 ऑगस्ट 2027, दीप अमावास्या. त्या दिवशीचं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमधल्या लुक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ दिसेल. महाराष्ट्र खग्रास पट्ट्यात नाही आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे पावसाळी ढग असतात. म्हणजे भरदिवसाचा तो अंधार आपल्याला पडद्यावरच बघावा लागेल. ग्रहण लागलेलं असताना तुमच्या टीव्हीवर काय चालू असेल, हे या वेळी दूरदर्शन ठरवणार नाही. अल्गोरिदमच्या हाती ते सोडायचं की नाही, हे मात्र रिमोट हातात असणाऱ्याने ठरवायचं आहे.