शिवनीबांधावर या, पण पाळीवर गाडी आणू नका

भंडारेकर मंडळी आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनो,

पाऊस सरला की साकोलीजवळच्या शिवनीबांधाकडे पावले वळू लागतात. या, जरूर या. फक्त एवढे ध्यानात असू द्या की हा तलाव धानासाठी बांधला आहे आणि अजून कामावर आहे.

इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत भंडाऱ्याला ‘नागपूरचा तलावप्रदेश’ म्हटले आहे. साडेतीन हजारांवर तळीबोड्या तेव्हा मोजल्या गेल्या. त्यातल्या मोठ्या तलावांमागे हात कोहळी समाजाचा. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला गेलेला नवेगावबांधही कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. उतार हेरायचा, टेकड्यांमधली वाट मातीच्या पाळीने अडवायची, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्याला मिळेल असे बघायचे. धान निसवायच्या वेळी पावसाने दडी मारली की हेच पाणी पीक तारते. १९५१ मध्ये मालगुजारीची जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारचे झाले. डागडुजीची गावाची सवय मात्र त्यासोबत सुटली, हे खरे दुखणे.

म्हणून विनंती. गाडी खाली रस्त्यालाच लावा. पाळ मातीची आहे. चाकोरीतून पावसाचे पाणी वाहते, घळ पडते, आणि पाळ फुटली तर खालची शेते जातात. पाणी सोडण्याच्या दाराजवळ कुणीही पोहू नये, तिथली ओढ वरून कळत नाही. बाटल्या फोडू नका, ढिवर बांधव त्याच चिखलात अनवाणी जाळे ओढतात. त्यांच्या डोंग्यात न विचारता बसू नका. मासळी हवी तर त्यांच्याकडूनच घ्या, घासाघीस न करता. हिवाळ्यात पाहुणी बदके उतरतात, तेव्हा डीजे घरी ठेवा. वाढदिवसाला तलावच कशाला लागतो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

आता गावकऱ्यांना. पाणी उतरले की तलावाच्या पोटातली जमीन वाहायला घेणारे आपलेच असतात. काठावरची बेशरमाची झाडीही आपल्याच डोळ्यांदेखत वाढली. ती नुसती छाटून भागत नाही. ओलीत पडलेली कांडी पुन्हा मूळ धरते. मुळासकट उपटून, वाळवून जाळावी लागते. उन्हाळ्यात काठ उघडा पडला की हे काम करू. पाहुण्यांपैकी कुणाला यायचे असेल तर फावडे आम्ही देऊ. जेवणाचा डबा तेवढा आपला आणा.