मान्यता सुट्या भागाला, जबाबदारी पूर्ण मालाची

आमचा धंदा कापडाचा. रेडिओलहरींशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आता आला आहे. यंत्रमागाचे फेरे मोजून आकडा मालकाच्या मोबाईलवर धाडणारी छोटी पेटी आपलेच शिकलेले तरुण बनवू लागले आहेत. हुन्नर त्यांच्यापाशी आहे, भांडवल मात्र थोडे. पहिलाच माल अडकला तर धंदा उभा राहण्याआधीच बसेल. म्हणून चार शब्द लिहिणे आम्हांस जरूर वाटते.

अशा पेटीत वायफाय किंवा ब्लूटूथचे तयार मॉड्यूल बसवतात. विकणारा सांगतो, ‘मॉड्यूल मान्यताप्राप्त आहे, काळजी नको.’ आम्ही कापडवाले या बोलण्याला फसणार नाही. रंगाच्या डब्यावर ‘पक्का रंग’ छापलेले असले तरी ग्राहक कापड धुऊनच पाहतो. मान्यता डब्याची, जबाबदारी ठाणाची.

आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे. शक्तीची मर्यादा पाळावी लागते, उपकरण मान्यताप्राप्त असावे लागते आणि त्याने दुसऱ्याच्या यंत्रणेत व्यत्यय आणता कामा नये. ही मान्यता, म्हणजे ईटीए, दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. २०१९ पासून अशा बऱ्याच उपकरणांसाठी ती स्वयंघोषणेने ऑनलाइन मिळते. मात्र सोबत प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल लागतो. घोषणेवर सही आपली, म्हणजे जबाबही आपल्यालाच द्यायचा.

खरी चूक कारखान्यात होते. पेटी पत्र्याची असते आणि पत्रा लहरी अडवतो. मग कोणीतरी मोठा अँटेना बाहेर काढतो. काम चालते, पण मान्यता ज्या अँटेनासह मिळाली तो हा नव्हे. अमेरिकेच्या एफसीसीचा नियम याबाबत स्पष्ट आहे: अँटेना त्याच प्रकारचा आणि तेवढ्याच किंवा कमी गेनचा हवा. आत मॉड्यूल आहे हे सांगणारा त्याचा एफसीसी क्रमांक पेटीवर बाहेरून दिसला पाहिजे. शिवाय पेटीतील बाकीचे सर्किटही नको त्या लहरी सोडते; त्याची तपासणी मॉड्यूलच्या कागदात धरलेली नसते.

युरोपचा हिशेब याहून कडक. तेथील २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशानुसार मॉड्यूलचा अहवाल आधाराला घेता येतो, पण सीई चिन्ह लावणारा उत्पादक संपूर्ण वस्तूची हमी देतो. १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटीही लागू झाल्या आहेत. निर्यातीची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

कायदा कागदावरच राहतो, अशा भ्रमात कोणी राहू नये. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या. म्हणजे बनवणाऱ्याबरोबर विकणाराही विचारला जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. तरुणांनी मॉड्यूल घेतानाच त्याची मान्यतापत्रे आणि अँटेनाची यादी मागून घ्यावी. पेटीचा साचा पाडण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत न्यावा; अँटेनाची जागा तेव्हा बदलता येते, हजार नग तयार झाल्यावर नाही. पेटी पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची केली तर निम्मी अडचण तेथेच सुटेल. व्यापाऱ्यांनी चार पैसे स्वस्त म्हणून बिनकागदाचा माल उचलू नये.

सरकारनेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या कंपनीला चाचणीचा खर्च लाखो नगांवर वाटता येतो. शंभर पेट्या बनवणाऱ्याला तोच खर्च नफ्याएवढा पडतो. नियम सर्वांना सारखा असावा, पण ओझे ताकदीप्रमाणे असावे. यंत्रमागाच्या गावांत सामायिक चाचणी केंद्र काढावे किंवा लहान उत्पादकाला चाचणीच्या खर्चात सवलत द्यावी. यंत्रमाग संघटनांनी ही मागणी आपल्या निवेदनांत वीजदराच्या शेजारी मांडली पाहिजे.